फांदीचा भाव

"काहून वं माय, तुमच्या भिंतीची सावली जांभळी कवापासून झाली?"

कंपाउंडपलीकडून काकूंचा प्रश्न आला तेव्हा मी नळाखाली बादली लावून उभी होते. काकूंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. तेव्हापासून त्या काळा चष्मा कपाळावर चढवून अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि सारं खापरखेडा नव्यानं तपासून घेतात. वीज केंद्राच्या चिमण्या पहिल्यापेक्षा उंच दिसतात, हे त्यांनी जाहीर केलंय. काका पहिल्यापेक्षा म्हातारे दिसतात, हेही जाहीर केलंय आणि काकांनी ते पेपरमागून निमूट ऐकून घेतलंय.

"जांभळीच असते काकू. तुमच्या डोळ्यात पिवळट पडदा होता, तो आता गेला."

"मंग तुले तं मोतीबिंदू नाही. तुले दिसे, तं सांगितलं काहून नाही?"

"सावलीचा रंग कोण कोणाला सांगत बसतं?"

"मी बसून राहिलो ना आता! डॉक्टर म्हनते वाकू नका, गॅसपुढे जाऊ नका, वजन उचलू नका. सारं सून करते. मंग मी काय करू? सावल्या पाहातो."

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते, त्यामुळे रंगाचा विषय निघाला की माझी बादली भरून वाहते. म्हटलं, "उन्हाला पिवळेपणा असतो. सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं. त्या आभाळाचा निळा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडतो. शेजारी पिवळं ऊन असलं की आपला डोळा त्या निळ्याला आणखी जांभळ्याकडे ढकलतो. इंदूरच्या देवळालीकर मास्तरांच्या पोरांना हे पक्कं ठाऊक होतं."

"इंदूर" हा शब्द आमच्या गल्लीत जपून वापरावा लागतो. समोरच्या वहिनींचं माहेर इंदूरचं. त्या सांबाराची जुडी निवडत पायरीवर बसल्या होत्या, ती तशीच हातात घेऊन फाटकाशी आल्या.

"इंदूरचं कोण म्हणालात?"

"दत्तात्रय दामोदर देवळालीकर. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि होळकरांच्या इंदुरात १९२७ साली त्यांनी चित्रकलेची शाळा काढली. तेव्हा बहुतेक ठिकाणी पोरांना पुतळे समोर ठेवून छाया-प्रकाश घोटायला लावायचे. देवळालीकरांच्या पोरांनी युरोपातल्या इम्प्रेशनिस्टांची रीत उचलली. उन्हात जायचं, समोर दिसतंय ते तिथंच रंगवायचं, ब्रशचा फटकारा मोकळा मारायचा, सावलीत काळा न ओतता रंग शोधायचा."

"मग आमचं इंदूर आहेच तसं," वहिनींनी सांबाराच्या काड्या मोडत सांगितलं.

"त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं ऐका. नारायण श्रीधर बेंद्रे, सोलेगावकर, विष्णू चिंचाळकर. आणि मकबूल फिदा हुसेन."

"हुसेन इंदूरचेच हो!"

"वाढले इंदुरात. जन्मले पंढरपुरात."

काकूंनी बसल्या जागी हात जोडले. "मंग तं आपलेच झाले. विठोबाच्या गावचा मानूस."

वहिनींना ही वाटणी पसंत पडली नाही, पण त्यांनी बेंद्र्यांवर हक्क कायम ठेवला. तो मात्र वादातीत आहे. बेंद्रे १९१० साली इंदुरातच जन्मले, मराठी घरात. १९३३ला बी.ए., दुसऱ्या वर्षी मुंबईची चित्रकलेची पदविका. मग तो माणूस एका जागी बसला म्हणून नाही. काश्मीरच्या पर्यटन खात्यात चित्रकार म्हणून राहिला. तिथले चिनार, तिथलं पाणी, तिथलं पातळ ऊन कागदावर उतरवत हिंडला. १९४५ला शांतिनिकेतन. पुढे अमेरिका. १९५०ला बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला विभाग उभा करायला गेला आणि सोळा वर्षांनी राजीनामा देऊन मोकळा झाला.

"नोकरी सोडली?" काकूंना ही बाब झाडा-उन्हापेक्षा महत्त्वाची वाटली. "पेन्शन?"

"ते नाही ठाऊक. पण १९६९ला पद्मश्री आणि १९९२ला पद्मभूषण मिळालं. त्याच साली ते गेले."

"सरकार असंच करते. मानूस जायले निघाला का हार घेऊन येते."

"आणि बरं का वहिनी, म्हातारपणी बेंद्र्यांनी फटकारे सोडले आणि ठिपके धरले. झाड काढायचं तर हिरवा रंग कालवून फासायचा नाही. पिवळा ठिपका, शेजारी निळा, मध्ये एखादा केशरी, असे हजारो. जवळून पाहिलं तर नुसती खडी. चार पावलं मागं गेलं की झाड उभं राहतं, आणि त्यावरचं ऊन हलतंय असं वाटतं."

"असं कसं होईल?" वहिनी म्हणाल्या.

"तुमची ती धूपछाव साडी आहे ना, लग्नातली? उभा धागा लाल, आडवा हिरवा. कापडात तिसरा रंग कुठेच नाही, पण तुम्ही वळलात की पदर कधी तांबूस होतो, कधी काळसर हिरवा. रंग कापडावर नाही, आपल्या डोळ्यात मिसळतो. ठिपक्यांचं तेच."

वहिनींनी नकळत पदराकडे पाहिलं. पदर सुती होता.

आता काकू अस्वस्थ झाल्या. पंढरपूर हाती लागलं होतं, पण ते काही माहेर नव्हे. "आमच्या गोंद्याकडचं कोनी नाही का वं यात?"

"आहेत ना! सय्यद हैदर रझा."

"ते बिंदूवाले? पेपरात येते त्याइचं. कोट्यवधीले विकते म्हनते."

"तेच. जन्म १९२२चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात, त्यामुळे सारं लहानपण झाडांत गेलं. शाळेत लक्ष लागत नव्हतं, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस."

"माह्या नातवाले बी असंच करा लागते. त्याच्या मोबाइलवर ठिपका काढजो."

"पुढे १९३९ ते १९४३ आपल्या नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले. आणि मुंबईला जायच्या आधी काही काळ गोंदियाच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते."

काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा वर केला. हा त्यांचा विजयाचा आविष्कार असावा. "पाह्य! म्हंजे तुह्यासारखेच ड्रॉइंगचे मास्तर. तू काहून नाही झाली मंग?"

याला उत्तर नसतं. मी बादली बदलली.

रझांना इम्प्रेशनिस्ट म्हणून टाकणं बरोबर नाही, हे मी दोघींना सांगितलं. पण त्यांची सुरुवात त्याच अंगानं झाली. मुंबईत वॉल्टर लँगहॅमर नावाचा ऑस्ट्रियन चित्रकार होता, 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कला संचालक. नाझींमुळे देश सोडून आलेला. तो होतकरू पोरांना घरी बोलवायचा, झगझगीत रंगात उघड्यावरची चित्रं कशी करतात ते दाखवायचा. रझांची त्या काळातली जलरंगातली मुंबई ओली, चकाकती आहे. मग १९४८ला काश्मीरमध्ये कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर भेटला. तो म्हणाला, रंग छान आहेत, पण चित्राला बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास कर. १९५०ला रझा फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिथंच राहिले.

"आणि जंगल?"

"जंगल त्यांच्याबरोबर गेलं. लहानपणी रात्री जंगलाची भीती वाटायची आणि उजाडलं की जीव भांड्यात पडायचा, असं ते सांगायचे. अंधार आणि त्यातून फुटणारा उजेड, हेच ते पॅरिसमध्ये बसून रंगवत राहिले. 'तपोवन' नावाचं चित्र आहे, १९७२चं. २०१८ला न्यूयॉर्कच्या लिलावात चव्वेचाळीस लाख डॉलरच्या वर गेलं."

"रुपये सांग."

"एकोणतीस कोटींच्या आसपास."

काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "जंगलाच्या चित्राचे एकोनतीस कोटी. अन् जंगलाचे किती येते?"

"तोडलं तर लाकडाचे येतात," काका पेपरमागून बोलले. ते खाणीत होते. भावाचं त्यांना कळतं.

"शेवटी मात्र मंडल्यालाच परत आले," मी म्हटलं. "२०१६ला गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं. नर्मदेच्या गावी."

"मंग झालं," काकूंनी मान डोलावली. "फिरून फिरून मानूस आपल्याच झाडाखाली येते."

वहिनींना हे फार गंभीर झालं. त्यांनी सांबार पिशवीत कोंबला आणि मूळ मुद्दा काढला. "पण हे उन्हाचं वेड पहिल्यांदा कोणाला लागलं हो? तो काय करायचा? घरी बायको-पोरं होती का?"

गप्पा आता खऱ्या अर्थानं भिंतीला लागल्या. मी नळ बंद केला.

"क्लोद मोने. फ्रान्सचा. आणि घरचं विचाराल तर तुमची कुठलीही मालिका फिकी पडेल."

"हाव? सांग मंग, काही ठेवू नको."

"त्याचं एक श्रीमंत गिऱ्हाईक होतं, एर्नेस्त ओशदे. चित्रं विकत घ्यायचा. १८७७ला त्याचं दिवाळं वाजलं. मग ओशदेची बायको आलिस, तिची सहा लेकरं, आणि मोने, त्याची बायको कामिय, त्यांची दोन, असा सगळा कुटुंबकबिला एकाच घरात राहायला लागला. ओशदे बहुतेक पॅरिसमध्येच. कामिय आजारी होती, १८७९ला गेली."

"अन् आलिस तिथंच?"

"तिथंच. १८९१ला ओशदे वारला आणि पुढच्या वर्षी मोने-आलिसनं लग्न केलं."

"मंग मधले बारा वर्सं?"

"मधली बारा वर्षं लोक बोलत होते," वहिनींनी परस्पर खुलासा केला.

"अजून ऐका. आलिसची मुलगी ब्लांश. तिलाही चित्रकलेचं वेड. मोनेचं सामान उचलून ती त्याच्याबरोबर शेतात जायची, शेजारी स्वतःचं चित्र लावायची. तिनं १८९७ला मोनेच्याच मुलाशी लग्न केलं."

काकूंनी बोटं मोडून नातं जुळवलं. "म्हंजे सावत्र पोरगी, तेच सून?"

"तीच सून. आणि म्हातारपणी त्याला सांभाळलं तेही तिनंच."

"मंग लेक म्हना का सून म्हना, कामाची निघाली." हा शेरा आतल्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल एवढ्या बेतानं मारला होता. आतून कुकरची शिट्टी झाली.

"पण काकू, त्याचं वेड कुठवर होतं सांगू? कामिय मरून पडली, तो उशाशी बसला होता. आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण तिच्या चेहऱ्यावरचे रंग बघतोय, निळा कसा पसरतोय, पिवळा कुठं उरलाय, करडा कुठं येतोय. त्याचं चित्रही केलं त्यानं. पुढे मित्राजवळ स्वतःच बोलला, की माझी नजर माझ्या ताब्यात नव्हती."

यावर कोणी काही बोललं नाही. काकांनी पेपर खाली केला.

"बरा होता का तो?" काकूंनी हळू विचारलं.

"बरा असेल. पण उजेडापुढे त्याला दुसरं काही सुचत नसे. तुम्हाला झाडांचं सांगते. १८८९ला तो एका दरीत बसून हिवाळ्यातलं चित्र करत होता. मध्ये एक म्हातारा ओक, निष्पर्ण. पाऊस लागला, काम लांबलं, मे महिना उजाडला आणि ओकाला पालवी फुटली. आता चित्रात हिवाळा आणि समोर वसंत! त्यानं काय करावं? जमीनमालकाला पन्नास फ्रँक देऊ केले, परवानगी काढली, माणसं लावली आणि शिड्या लावून झाडाची सारी कोवळी पानं ओरबाडून काढवली."

"आई गं!" वहिनी ओरडल्या.

"येडाच होता," काकू म्हणाल्या. "पालवी तोडते कोनी? पाप लागते."

"थांबा, दुसऱ्या गोष्टीत तुम्हाला तो आवडेल. जिव्हर्नी गावी घर केल्यावर जवळच एप्त नदीकाठी पॉपलरची रांग त्यानं धरली. १८९१ची गोष्ट. नदीत नाव बांधली, तिच्यात बसून चित्रं करायचा. एकाच वेळी कितीतरी कॅनव्हास लावलेले. सकाळचा उजेड सरला की सकाळचं चित्र बाजूला, पुढचं काढ. ढग आला, ते ठेव, ढगाचं घे. एका चित्राचा उजेड तर फक्त सात मिनिटं टिकायचा म्हणे. एका ठरावीक पानावरून ऊन सरकलं की त्या दिवसापुरतं ते चित्र बंद."

"सात मिनिटं! माहं तं डोळ्यात ड्रॉप टाकून पाच मिनिटं जाते."

"आणि चित्रं अर्धी असताना गावानं ती झाडं लिलावात काढली."

"काहून?"

"पॉपलर लाकडासाठीच लावलेले होते. वाढले, विकायचे. मोने सरपंचाकडे गेला, थोडं थांबा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. मग तो लाकडाच्या व्यापाऱ्याला भेटला. म्हणाला, तुला परवडेल तिथपर्यंत तू बोली लाव. त्यावर जाईल ते मी भरतो, पण माझी चित्रं होईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही."

"वा!" काकूंचा चेहरा उजळला. "अन् लागली बोली?"

"लागली. त्यानं पैसे भरले. झाडं उभी राहिली. चित्रं झाली."

"मंग?"

"मग तुटली."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे वाचवलीच नाही?"

"नाही. मुदत घेतली होती."

"मंग कशाचा आला झाडाचा येडा! तो उजेडाचा येडा. झाड म्हंजे त्याले उजेड वाळू घालायची दोरी."

मी पुष्कळ पुस्तकं चाळली आहेत, पण मोनेविषयी इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. तरी मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, दोरी का होईना, त्यानं इतकी नीट पाहिली की आता ती रांग जगभरच्या संग्रहालयांत उभी आहे. व्यापाऱ्याच्या लाकडाचं काय झालं ते कोणाला ठाऊक? वहिनींनी मात्र दुसरंच टोक धरलं.

"गावच्या लोकांना चालायचं हे सगळं?"

"कुठं चालायचं! १८९३ला त्यानं कमळांचं तळं करायला नदीचा फाटा आपल्या जागेत वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी अर्ज केले की याची ती परदेशी झाडं पाणी नासवतील, गुरं मरतील. बरीच भांडाभांडी झाली, शेवटी परवानगी मिळाली. मग कमळं फुलली, तर रस्त्यावरच्या मोटारींची धूळ त्यांच्यावर बसायला लागली. एक माळी नावेतून फिरून पानं धुवायचा. तेवढ्यानं भागेना, तेव्हा मोनेनं घरापुढचा रस्ता स्वतःच्या खर्चानं डांबरी करून घेतला, असं सांगतात."

इथं मात्र तिघी एकदम हळहळलो. आमच्या गल्लीत चित्रकार आहे, पण स्वतःच्या खर्चानं रस्ता करणारा नाही. काकूंच्या तुळशीवर सकाळी बोट फिरवलं तर नाव लिहिता येतं. कोळशाच्या गाड्या रात्रभर जातात, तुळस रोज न्हाते आणि रोज मळते.

"त्याले इथं आनला पाह्यजे होता," काकू म्हणाल्या. "धूळ कशाले म्हनते समजलं असतं."

"आला असता तर गेला नसता. त्याला धूर फार प्रिय."

"आता हे काय नवीन?"

"ज्या चित्रावरून या इम्प्रेशनिस्टांचं बारसं झालं ते त्यानं १८७२ला केलं. १८७४ला पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं, टीकाकारानं टर उडवली. चित्र कशाचं? सकाळचं बंदर, धुकं, नावा, मागे क्रेन आणि धूर सोडणाऱ्या चिमण्या. आणि मध्ये केशरी सूर्य. आपल्याकडे पौषात सकाळी सातला फाटकातून बाहेर पडलं की दिसतं, तेच."

वहिनी म्हणाल्या, "हो हो! चिमणीच्या बाजूला तांबडी थाळी. मी फोटो पण काढलाय, माहेरच्या ग्रुपवर टाकायला."

"बघा! मोने १८९९पासून लागोपाठ लंडनला गेला. सॅव्हॉय हॉटेलात खोली घ्यायची, खिडकीतून थेम्स नदी, पूल, पार्लमेंट बघायचं. शंभराच्या घरात चित्रं केली. लंडनचं धुकं म्हणजे निम्मा कोळशाचा धूर. एका रविवारी उठला तर धुकंच नाही! कारखाने बंद. हादरला तो. सारं काम बुडालं म्हणून बायकोला पत्रात लिहिलं. मग हळूहळू घरोघरच्या शेगड्या पेटल्या, धूर चढला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला."

"अरे देवा!" काकूंनी कपाळाला हात लावला आणि ऑपरेशन आठवून काढला. "तितल्या बाया खोकून राहिल्या असतील, अन् हा खिडकीत खुश!"

"तेच तर. पण गंमत बघा. २०२३ला दोघा हवामान-अभ्यासकांनी मोने आणि इंग्लंडचा टर्नर यांची मिळून शंभरेक चित्रं तपासली. ज्या काळात हवेत गंधकाचा धूर जास्त होता, त्या काळच्या चित्रांत कडा जास्त पुसट आणि रंग जास्त पांढुरके आढळले."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यानं सुंदर म्हणून जे रंगवलं, त्यात धुराची नोंद आपोआप झाली. त्या वेळी हवा मोजायची यंत्रं कुठं होती?"

काका पेपर घडी करत उठले. १३४० मेगावॅटचं केंद्र डोळ्यांसमोर उभं राहताना त्यांनी पाहिलंय. पहिला संच १९८९चा. ते म्हणाले, "यंत्र चिमनीवर असते. खिडकीतून पाहनारा बी एक पाह्यजे. यंत्र आकडा सांगते, सकाळ कशी होती थे नाही सांगत." आणि चहा मागायला आत गेले. काका दिवसात एवढंच बोलतात, म्हणून ते लिहून ठेवलं.

"अन् त्याचे डोळे चांगले होते ना, शेवटपर्यंत?" काकूंच्या या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू."

"खोटं!"

"शपथ. १९१२ला डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला घाबरायचा. हळूहळू सारं तांबूस-तपकिरी दिसायला लागलं, तसंच रंगवायला लागला. रंग चुकू नये म्हणून ट्यूबवरची नावं वाचून घ्यायचा. शेवटी १९२३ला, ब्याऐंशीव्या वर्षी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं."

"उजव्याच?"

"उजव्याच. आणि उठल्यावर ओरडला की सगळं निळं दिसतंय! चष्मे बदलले, काचा रंगवून घेतल्या, डॉक्टरला शिव्या घातल्या. मग बसला जरा. तीन वर्षांनी, ५ डिसेंबर १९२६ला गेला. तोवर कमळांची भिंतीएवढी चित्रं पुरी करत होता."

काकू किती तरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाकडे वर पाहिलं. हा कडुनिंब म्हणजे आमच्या दोन घरांमधला जुना वाद आहे. झाड त्यांचं, उजेड माझा. त्याची मोठी फांदी त्यांच्या पत्र्यावर येते. फाल्गुनात पानं गळून पत्रा पिवळा होतो, वाळत घातलेल्या कुरड्यांत काड्या पडतात, आणि दर वर्षी काकू फांदी तोडायला माणूस सांगतात. या रविवारीही तो यायचा होता.

"सकाळी काय दिसते वं तुले त्यात, खिडकीतून?"

"आता पालवी फुटतेय ना, ती बघा. हिरवी नाहीच. सातच्या उन्हात मागून उजेड येतो तेव्हा तांब्याच्या पत्र्यासारखी लालसर, पातळ दिसते. त्यातली शीर न शीर मोजता येते. नऊ वाजले की ऊन वरून येतं, तीच पानं तेलकट चमकायला लागतात आणि लाल पुसून जातं. दुपारी बारानंतर बघू नये. धुळीचा थर तेवढा दिसतो, झाड करडं होतं. साडेपाचला ऊन खोडाला आडवं लागतं. मग खोडाच्या भेगांत जांभळं साचतं आणि कडांवर केशरी. त्यात पश्चिमेकडून धुरकट हवा असली तर केशरीचं गुलाबी होतं. मी चारही वेळांची चित्रं करतेय. सकाळचं अर्धं झालंय."

काकूंनी डावा डोळा हातानं झाकला, मग उजवा झाकला. "या डोळ्यानं लाल दिसते. याच्यानं मळकं दिसते. म्हंजे झाड दोन हायेत."

"एका अर्थानं आहेत खरी."

"मंग रविवारी त्या मानसाले काय सांगू? पाचशे रुपये ठरले हायेत."

मी आवंढा गिळून म्हटलं, "मोनेसारखं करू काकू. चित्रं होईपर्यंत थांबवा. ते पाचशे मी भरते."

"पाचशे तं तो फांदी तोडायचे घेते. न तोडायचे कायले देऊ त्याले?" हिशेब बरोबर होता. "अन् तुह्या त्या मोन्यासारखं नाही करायचं. चित्र झालं का कुऱ्हाड, असं मले नाही चालत. पाह्यल्यावर कशी तोडतील झाडं लोकं, मले समजत नाही."

"मग?"

"मंग चित्र पुरं करूच नको. अर्धं ठेव. लागले वर्सं तं लागू दे."

वहिनी टाळी वाजवणार होत्या, पण काकूंनी बोट वर करून थांबवलं. आत जाऊन खराटा घेऊन आल्या आणि तो भिंतीवरून माझ्या बाजूला टाकला.

"पत्र्यावरचे पानं मात्र रोज तू झाडजो. चित्र अर्धं चालन मले, झाडू पुरा लागन."